ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा वास
चौकातल्या विजेच्या डीपीतून तेल गळत होतं, त्या वासानं पुन्हा किळस दाटून आली. प्रयोगशाळेत आमच्या यंत्राचा जास्त व्होल्टेजचा भाग अशाच तेलात बुडालेला असायचा. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं सोडून आम्ही त्यांच्यातून प्रचंड ताकदीच्या मायक्रोवेव्ह लहरी काढायचो. हातांना लागलेला तोच वास घेऊन मी एकदा बालाघाटला घरी आले होते, कारण पाहुणे मला पाहायला येणार होते. पोह्यांची प्लेट घेताना मुलाच्या आईनं नाक मुरडलं. वास आमच्या यंत्राच्या तेलाचा, असं मी सांगितलं, तशी ती बाबांकडे वळली, "अशा मशिनीपाशी राहून हिले लेकरं होतीन ना?" भरवेलीच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेले बाबा हसले, "माही पोरगी मशिनीजवळ कुठी जाते! ऑफिसात टायपिंग करते." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी "हौ" म्हणाले. ते लग्न जमलं नाहीच, तेलही साबणानं निघालं. ते "हौ" मात्र अजून तोंडात आंबून बसलंय.