कात्रीआत्यांची साखळी

आमच्या इमारतीत कुणाकडे वाढदिवस असला की ते सगळ्यात आधी कळतं कात्रीआत्यांना. केक सांगायच्या आधी, पाहुण्यांना फोन करायच्याही आधी माणसं वरच्या मजल्यावर जातात आणि दार वाजवून विचारतात, "आत्या, साखळी मोकळी आहे ना?"

ही साखळी कागदाची. कागदाची पट्टी कापायची, टोकाला खळ लावायची, आधीच्या कडीतून ओवून गोल चिकटवायची. शाळेतलं पोरही करील असं काम आहे. पण आत्यांनी तिला नियम लावून दिलेत, आणि नियम लावले की साध्या गोष्टीलाही भाव येतो. ज्या घरी समारंभ झाला त्या घराने साखळी उतरवताना आपली एक कडी जोडायची. कागद दुकानातून आणलेला चालत नाही, त्या समारंभाला घरात आलेला हवा. त्यामुळे साखळीत भेटवस्तूंवरचे चकचकीत कागद आहेत, केकच्या खोक्यांचे पुठ्ठे आहेत, तळमजल्यावरच्या मास्तरांच्या मुलाच्या पहिल्या पगाराचं पाकीट आहे. आमच्या सूनबाई लग्न होऊन आल्या त्या दिवशीची कडी त्यांच्या नव्या चपलांच्या खोक्यातली आहे. सूनबाईंना ते अजून आवडत नाही. मी म्हणतो, पायगुण म्हणतात तो हाच.

दुसरा नियम असा, की ज्याच्यासाठी सजवलं तो पाहुणा आल्याशिवाय सजावट उतरवायची नाही. फार वर्षांपूर्वी एका घरी उत्सवमूर्तीच उशिरा पोचली आणि तोवर घरच्यांनी कंटाळून अर्ध्या पताका ओढून काढल्या होत्या. "त्या माणसाचं तोंड बघवेना हो," आत्या सांगतात. "आपली वाट बघणं संपलं, हे कुणाला भिंतीवरून कळू नये." तेव्हापासून हा नियम.

कात्रीआत्यांनी सगळी नोकरी खोकी करण्याच्या कारखान्यात काढली. केकची खोकी. दिवसभर पुठ्ठा दुमडायचा, कान आत खोचायचे, पुढे सरकवायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या केकची घरं बांधली, असं त्या स्वतःच म्हणतात. तिथली उरलेली कात्रणं घरी आणून त्यांनी हे उद्योग सुरू केले. झिरमिळ्या, घडीचे पंखे, तारेवर गुंडाळलेली कागदी फुलं, मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांना रंगीत कागद डकवून केलेले दिवे. कुणी कौतुक केलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "सोपं असतं हो सगळं. फक्त खळ वाळेपर्यंत चिमटीत धरून ठेवायचं. लोक तेवढाच दम धरत नाहीत आणि मग म्हणतात, सुटलं."

आणि एक खोड होती त्यांना. दुपारी येऊन, स्टुलावर चढून घर सजवून द्यायच्या, आणि पाहुणे यायच्या वेळेला नाहीशा व्हायच्या. "थांबा की," म्हटलं तर दोन्ही हात पुढे करून दाखवायच्या. "छे, हाताला खळ आहे." जसं काही वर त्यांच्या घरी पाणीच येत नाही! मग दुसऱ्या दिवशी उतरवायला हजर. इमारतीतल्या एकाही वाढदिवसाच्या फोटोत कात्रीआत्या नाहीत. सजावट सगळ्या फोटोंत आहे.

मी त्यांच्या अगदी खालच्याच मजल्यावर राहतो. माझं चष्म्यांचं दुकान होतं. जन्मभर लोकांच्या नाकावर काचा बसवल्या, त्यामुळे मला सगळं स्पष्ट दिसतं असा माझा गैरसमज आहे, हे मत सूनबाईंचं. पण साखळीत आत्यांची स्वतःची एकही कडी नाही, हे मात्र इमारतीत मलाच दिसलं होतं. त्यांच्याकडे समारंभ कधी नव्हताच. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. भावाची मुलगी लहानपणापासून त्यांच्याकडे वाढली. ठमी म्हणायचे तिला सगळे. शिकली, नोकरी लागली, लांबच्या शहरात गेली आणि तिकडचीच झाली. महिन्यातून एकदा फोन. तो फोन आला की आत्या जिन्यातून उगाच दोनदा खालीवर करायच्या, कुणीतरी विचारावं म्हणून.

तर त्या दिवशी मी विचारलं. आत्यांचा चेहरा उजळला होता. "ठमी येतेय. चांगली चार दिवस राहणार म्हणालीय." आणि जरा थांबून, एखादी वस्तू उसनी मागावी तशा आवाजात, "मी म्हणते, या वेळी साखळी माझ्याकडेच लावते. कुणाचं काही नाही ना एवढ्यात?"

"तुमचीच साखळी आणि तुम्हीच विचारताय?"

"माझी कुठली? माझ्याकडे नुसती ठेवायला असते."

त्यांनी खोली सजवली ती बघायला सगळी इमारत वर जाऊन आली. चारी भिंतींवरून साखळी, खिडकीत झिरमिळ्या, पलंगाच्या उशाशी फुलं, दाराशी बरणीचे दिवे. आणि ठमीचा फोन आला. रजा नामंजूर झाली होती. "पुढच्या आठवड्यात नक्की, आत्या." पुढच्या आठवड्यात काम निघालं. मग महिनाअखेर. मग "बघते गं, कळवते."

साखळी वर लटकलेली ती लटकलेलीच. नियम तो नियम, पाहुणी आली नव्हती. मधल्या काळात मास्तरांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. त्यांनी गुपचूप दुकानातून फुगे आणले. साखळी मागायला कुणी वर गेलं नाही. मागायची म्हणजे आत्यांना सांगायचं, की तुमची पाहुणी काही येत नाही आता. हे बोलायला कुणाची जीभ रेटणार? सगळेच जिन्यात त्यांना भेटले की हवापाण्याचं बोलायचे आणि सटकायचे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, हा प्रश्न होता.

तो माझ्या गळ्यात आला. आमच्या नातीचा वाढदिवस जवळ आला आणि तिने भोकाड पसरलं, की साखळी नाही तर वाढदिवसच नको. सूनबाईंनी माझ्याकडे बघितलं. मुलाने पेपर तोंडासमोर धरला. घरातला रिकामा माणूस मीच.

मी वर गेलो. आत्या स्टुलावर उभ्या राहून रंगाच्या मऊ ब्रशने एकेका कडीवरची धूळ झाडत होत्या. खिडकीजवळच्या कड्यांचा रंग उन्हाने उडाला होता. फुलं मान टाकून होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि इतक्या सजवलेल्या खोलीत एकटं माणूस फारच एकटं दिसतं. मला तिथून परत फिरावंसं वाटलं.

"बसा," त्या खाली उतरत म्हणाल्या. "चहा टाकते."

चहा झाला. मी घसा साफ केला, पुन्हा साफ केला. शेवटी त्याच म्हणाल्या, "छोटीचा वाढदिवस आलाय ना? मला ठाऊक आहे. तारीख काय विसरते होय मी!"

"तसं काही नाही... म्हणजे आहेच. पण तुमचा नियम आहे. आता बघा, मी आलोय. चहा प्यालो. आलाच की पाहुणा! उतरवायला हरकत नाही."

माझ्या मते ही मोठीच शक्कल होती. आत्या हसल्या, पण कप उचलता उचलता म्हणाल्या, "शेजारी पाहुणा नसतो हो. शेजारी जिना चढून येतो. पाहुण्याला वाट काढून यावं लागतं."

मला राग आला. आत्यांचा नाही, त्या ठमीचा. "मग ती वाट काढत का नाही? तुम्ही तिच्यासाठी काय नाही केलंत? एक दिवस येववत नाही तिला?"

"तिला बोलू नका," आत्या एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मग कप विसळत, पाठमोऱ्याच, हळू म्हणाल्या, "मला नुसतं एवढंच हवंय भाऊ, की माझ्याकडे कुणी आलं होतं असं व्हावं. एकदा. मग राहीना का लांब."

मी तसाच खाली आलो आणि घरी सांगितलं, की साखळीचं नाव काढायचं नाही. नातीला दटावलं, सूनबाईंवर खेकसलो, जेवणात खोट काढली. सगळ्यांना कळलं की वर काहीतरी बिनसलंय.

वाढदिवसाच्या सकाळी दार वाजलं. आत्या उभ्या होत्या, काखेत साखळी भरलेली पत्र्याची पेटी, हातात खळीची वाटी. "स्टूल द्या," म्हणाल्या. "लेकराला वर्षातून एकच दिवस मिळतो."

"आणि पाहुणी?"

"ती यायची तेव्हा येईल." एवढंच म्हणून त्या स्टुलावर चढल्या. स्वतःचा नियम त्यांनी स्वतःच्या हाताने मोडला होता, आणि त्याबद्दल मी काहीही बोललो असतो तरी ते चुकीचंच झालं असतं. मी खालून साखळी पुरवत राहिलो.

दुपारी त्या जेवायला वर गेल्या आणि इकडे एका कोपऱ्यातला खिळा निसटला. त्यांना बोलवायला मी गेलो, तर दार उघडं आणि आत खुर्चीवर ठमी!

पायात बूट तसेच, खांद्याला पिशवी तशीच. कंपनीच्या कामासाठी याच बाजूला आली होती, खाली गाडी थांबली होती, रात्रीच्या आत परत पोचायचं होतं. हे सगळं तिने मला एका दमात सांगितलं. पोर वाईट नव्हती. दमलेली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी तिच्यासाठी मनात जमवलेलं सगळं बोलणं तिथेच गिळलं.

ती खोलीभर नजर फिरवत होती. भिंती उघड्या, खिळ्यांची भोकं, साखळी होती तिथे रंगाचे गडद पट्टे. "काय गं आत्या," ती हसत म्हणाली, "सगळ्यांची घरं सजवत फिरतेस आणि स्वतःच्या घरात एक कागद नाही?"

मी तोंड उघडलं. आत्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, आणि मी तोंड मिटलं.

"इथे कशाला गं," आत्या म्हणाल्या. "मी एकटीच तर असते. कोण बघायला येतंय?"

ठमीने चहा अर्धाच घेतला. जाताना आत्यांना घट्ट मिठी मारली, पुढच्या वेळी राहायलाच येते म्हणाली. आत्या कठड्याशी उभ्या राहिल्या, गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावरही. मग म्हणाल्या, "चला, खिळा कुठला निघालाय?"

संध्याकाळी वाढदिवस झाला. आत्या नेहमीसारख्याच नाहीशा झाल्या होत्या. मला वाटलं, आज तर त्या दार लावून पडल्या असतील. मेणबत्त्या विझल्या, पोरांनी केकने तोंडं माखली, फुगे फुटले, पाहुणे पांगले. आणि तेव्हा त्या आल्या. हात स्वच्छ धुतलेले, साडी बदललेली. उतरवायला उद्याऐवजी आजच कशा आलात, असं कुणी विचारलं नाही.

नातीने तिची कडी जोडली, बाहुलीच्या खोक्यावरच्या गुलाबी कागदाची. खळ थोडी, आनंद फार. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी साखळी गोळा करायला घेतली तेव्हा आत्या म्हणाल्या, "थांबा."

त्यांनी कमरेच्या पिशवीतून कागदाची एक पट्टी काढली. तपकिरी, साधी, कडा मात्र सुरेख कापलेल्या. ठमीने येताना बिस्किटं आणली होती, त्यांच्या पुडीवरचा कागद होता तो.

"साखळी तेव्हा इथे होती," त्या म्हणाल्या. म्हणाल्या सगळ्यांना, पण बघत होत्या माझ्याकडे. "आणि पाहुणी वर आली. चालतं का हो, नियमात बसतं का?"

नियम त्यांचे, साखळी त्यांची, आणि विचारत होत्या मला! "बसतं," मी म्हणालो. "न बसायला काय झालं?"

"तुझ्याकडे कोण आलं होतं?" नातीने विचारलं.

"माझी भाची," आत्या म्हणाल्या. "आज आमच्याकडे माझी भाची आली होती."

त्यांनी पट्टी नातीच्या गुलाबी कडीतून ओवली, टोकाला खळ लावली आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून बसल्या. सूनबाईंनी बशा उचलल्या, मुलाने फुग्यांच्या चिंध्या झाडून काढल्या, नात माझ्या मांडीवर झोपून गेली. खळ केव्हाच वाळली होती. आत्या तशाच धरून बसल्या होत्या, आणि त्यांना सोडा म्हणायला कुणीच पुढे झालं नाही.