नानांची तीन पाकिटं

नाना कोथिंबिरीची जुडीसुद्धा तीन ठिकाणी दर विचारल्याशिवाय घेत नसत. वडवणीच्या आठवडी बाजारात ते एकीला विचारत, दुसरीला विचारत, तिसरीला विचारत आणि बहुतेक वेळा पहिलीकडेच परत येत. ती लांबूनच ओरडायची, "आलं बगा कोटेशन! घ्या नाना, सुकून चालली तुमची वाट बगून." नाना हसत आणि जुडी उलटीपालटी करून पाहत. "विचारत राहिलं की समोरचा माणूस सरळ राहतो," असं ते म्हणत.

ही सवय त्यांना नोकरीने लावली. वडवणीशेजारच्या आमच्या गावातल्या शिक्षणसंस्थेत ते हेडक्लार्क होते. बाकं, पंखे, पाण्याच्या टाक्या, काहीही घ्यायचं असलं तरी तीन दुकानांची बंद पाकिटं आणि ती सगळ्यांसमोर फोडायची, हा त्यांचा नियम. आमचं घर त्यांच्या घराला लागून. वडिलांनी जमवलेल्या चळवळीच्या पत्रकांवर मी वाचायला शिकलो आणि मिसरूड फुटायच्या आत स्वतःच पत्रकं लिहू लागलो. माझ्या पहिल्या पत्रकात नानांचं एक वाक्य होतं : "चोर पकडू नका, चोरीला जागाच ठेवू नका." खाली त्यांचं नाव होतं. नानांनी ते पत्रक घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं होतं. रस्त्यात भेटले की म्हणायचे, "काय बे पुढारी, आज कुणाला झोडपलं?"

निवृत्तीनंतर घरात काकू आणि ते, दोघंच. मुलगा पुण्याला. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर नुसता स्लॅब. खिडकीत गावातल्या वेल्डरने बनवलेला लोखंडी कूलर होता. त्याचा पत्रा गंजला होता, आतलं गवत काळं पडलं होतं आणि टँकरचं निम्मं पाणी तोच पीत होता. त्यात काकूंना दमा. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला डॉक्टरांनी सांगितलं, "ही ओली हवा बंद करा. एसी बसवा, नाहीतर मे महिना यांना सोसणार नाही."

नानांनी त्याच दिवशी वहीतून तीन पानं फाडली. खोलीचं माप, भिंतीवर ऊन किती वेळ असतं, तांब्याची नळी किती लागेल, स्टॅबिलायझर धरून की सोडून, सगळं लिहिलं. एक पान वडवणीच्या दुकानात दिलं, एक नेकनूरला, एक बीडला. तिन्ही ठिकाणी एसटीने स्वतः गेले. काकू म्हणाल्या, "अवो, त्या वडवणीवाल्याकडनं आणा की सरळ. मला धाप लागतीय." नाना म्हणाले, "तुझ्यासाठीच तर नीट आणायचाय."

पाकिटं आली. ओट्यावर मला आणि काकूंना साक्षीला बसवून नानांनी ती फोडली. एकाने नळीचे पैसे वेगळे लावले होते, एकाने स्टॅबिलायझर सोडला होता, एकाने जुना कूलर परत घ्यायचं कबूल केलं होतं. नाना चार दिवस ताडून पाहत बसले. खाली ते दर जुळवत होते आणि वर काकू ओल्या पंच्याने कपाळ पुसत होत्या. शेवटी वडवणीचा दर सरस ठरला.

दुकानदार भिंत बघायला आला. हसतमुख, पन्नाशीचा माणूस, नानांच्या पाया पडला. चहा पिताना त्याची नजर ओट्यावरच्या पाकिटांवर गेली.

"पोचली न्हवं तिन्ही?"

"तुमचं एकच की," नाना म्हणाले.

"न्हाई हो नाना, तिन्ही आमीच केली. बीडचा माझा मेव्हणा, नेकनूरवाला त्याच्याकडनंच माल उचलतो. तुमी तीन मागितली, म्हनलं कागदाला लागत असतील. तुमाला कशाला तरास?"

"मी घरासाठी मागितली होती."

"घरासाठी?" तो मोकळेपणाने हसला. "घराला कशाला तीन लागत्यात? ते तर हापिसाला. तुमच्या शाळेची बी सगळी आमच्याच दुकानात बंद व्हायची. आमचे वडील संस्थेच्या चालकांचा वाटा धरून दर सांगायचे, मी डिंक लावायचो."

नानांनी एक पाकीट उलटून डिंकाची कड पाहिली. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. त्याने कप खाली ठेवला. "तुमाला माहीत न्हवतं? आईशप्पत नाना, आमाला वाटायचं तुमी समजून घेता. तुमी एक रुपया खाल्ला न्हाई, हे आख्ख्या वडवणीला माहीत हाय."

तो खोटं बोलत नव्हता, उपकार केल्यासारखंच बोलत होता. मला आजही संताप येतो तो याचाच. संस्थेच्या चालकांना चोर नको होता. चोराची सही कुणीही तपासली असती. त्यांना नाना हवे होते. इतका सरळ माणूस, की त्याने फोडलेल्या पाकिटात कुणी डोकावणारच नाही.

मी नानांना हे सांगितलं. सगळ्या गावात पत्रक वाटतो म्हणालो. नानांनी चष्म्याची डबी उघडली, माझं जुनं पत्रक काढून माझ्या हातात दिलं. "आधी ह्यातलं माझं नाव काढ."

"पण नाना, तुम्ही खाल्लं नाही."

"खाल्लं न्हाई बे. वाढलं."

मग एसी आणायचं नावच निघेना. दुसरीकडे जाऊन दर काढायचा, तर तो तरी खरा कशावरून? नाना दिवसभर ओट्यावर बसून राहत. एका दुपारी काकूंच्या छातीची घरघर खालपर्यंत ऐकू आली. मी धावत वर गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाळा, लाव फोन त्या दुकानदाराला. लबाड असू दे, न्हाईतर काही असू दे. मला श्वास पायजे."

एसी बसला. काकूंचा मे महिना निभावला. नाना मात्र त्या खोलीत झोपायला गेले नाहीत. डोक्यावर ओला टॉवेल टाकून ते ओट्यावरच पडत. काकू वरून हाका मारत. ते म्हणत, "तू झोप. मला ती हवा मानवत न्हाई."

बाजारात त्यांनी दर विचारणं सोडलं. पहिली बाई जे म्हणेल ते देऊन परत फिरत. ती एकदा कळवळून म्हणाली, "नाना, भांडा की वो जरा. कसंतरीच वाटतं." नानांनी पिशवी पुढे केली, एवढंच.

यंदाच्या एप्रिलमध्ये ते ओट्यावरच गेले. सकाळी काकू चहा घेऊन खाली आल्या तेव्हा अंग गार होतं. मुलगा पुण्याहून यायला संध्याकाळ होणार होती आणि ऊन तर आत्ताच अंगणात उतरलं होतं. जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "प्रेत ठेवायची थंड पेटी मागवू. बीडला मिळते. दोन-तीन ठिकाणी दर विचारून बघतो."

त्याने फोन काढला. काकूंनी त्याचा हात धरला.

"आता कुणाला दर विचारू नका," त्या म्हणाल्या. "ह्यांना वर न्या."

आम्ही चौघांनी नानांना जिन्याने वर नेलं. काकूंनी खिडक्या लावून घेतल्या, एसी सुरू केला आणि त्यांच्या अंगावर चादर ओढली. एसी बसल्यापासून त्या खोलीत नाना पहिल्यांदाच निजले होते.