रेशनकार्डावरचा शिक्का

माझे थोरले दीर दशरथ कायमचे गावी राहायला गेले, असं सरकारदरबारी लिहिलेलं आहे. लिहिणारा त्यांचा सख्खा भाऊ, म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी घेते. धोंडू. त्याने तो अर्ज लिहिला तेव्हा भावजी चार हातांवर कॉटवर बसून माझ्या हातची भाकरी खात होते. तीन वर्षं झाली, माझा राग अजून उतरलेला नाही.

भावजी मुंबईत मरोळला एका कंपनीत टर्नर. चौदा वर्षं एकाच लेथवर. लग्न केलं नाही. गावाहून मुलींच्या पत्रिका यायच्या, सगळ्या परत जायच्या. एकदा वैतागून मी विचारलं, "भावजी, तुम्हाला हवंय तरी काय?" त्यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "शकु, मला बाईमाणसाची ओढ नाही गो. पुरुषांची आहे. लहानपणापासून मी असाच. घरात नको असेन तर सांग, दुसरी खोली बघतो." मला राग आला. त्या गोष्टीचा नाही, सहा वर्षं मी पत्रिका गोळा करत फिरले त्याचा. म्हटलं, "आधी सांगायचं होतंत ना. आमटी गार होतेय, जेवा." आमचं बोलणं झालं ते एवढंच.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांच्या कंपनीतल्या बाळाला पोलिसांनी उचललं. बाळा फिटर, तिशीचा, एकटाच खोली घेऊन राहायचा. संध्याकाळी बागेत एका मित्राशेजारी बाकावर बसला होता. दोन हवालदारांनी आधी त्याचं घड्याळ मागितलं. दिलं नाही म्हणून कलम तीनशे सत्त्याहत्तर लावलं. पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा, असं ते कलम. इंग्रज गेले नि जाताना हे आमच्या बोकांडी ठेवून गेले. आणि लावलं कोणाला, तर बाकावर शेंगदाणे खात बसलेल्यांना. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

जामिनाला माणूस लागतो आणि त्या माणसाला रेशनकार्ड लागतं. कोर्टातला कारकून कार्डाच्या मागच्या बाजूला शिक्का मारतो आणि त्यात केस नंबर, कलम नि जामीनदाराचं नाव लिहितो, म्हणजे एकाच कार्डावर कोणी दहा जणांना सोडवत फिरू नये. बाळाचे वडील आले नाहीत. त्याचा भाऊ म्हणाला, असा कोणी भाऊच आम्हाला नाही. मग भावजी आमचं कार्ड घेऊन गेले. कुटुंबप्रमुख म्हणून ते त्यांच्याच नावावर होतं.

बाळा सुटला, पण कंपनीने त्याला काढायचं ठरवलं. युनियनचे लोक खाली माना घालून उभे. गेट मीटिंगमध्ये भावजी पुढे झाले. जन्मात कधी चार माणसांत बोलले नव्हते. म्हणाले, "बाळाने फिटिंगमध्ये खोट ठेवली असेल तर दाखवा. तो कोणाशेजारी बसतो हे मोजायचं गेज आपल्या कंपनीत नाही." लोक हसले, पण बाळाची नोकरी राहिली. तेव्हापासून भावजींना कंठच फुटला. दर तीन महिन्यांनी दिल्लीला कायदामंत्र्यांना रजिस्टर पत्र. "हे कलम काढून टाका. मी कोणाची चोरी केलेली नाही, मग मला चोराहून मोठी शिक्षा का?" खाली नाव, पत्ता, सही. उत्तर कधी आलं नाही, पोचपावत्या आल्या, त्या त्यांनी खिळ्याला अडकवून ठेवल्या. मी म्हणायचे, पालथ्या घड्यावर पाणी. ते म्हणायचे, "कोणी सुलटा करीपर्यंत ओतत राहायचं."

गणपतीच्या आधी दुकानात साखर नि पामतेल आलं. रांगेत तासभर उभी राहिले. शेठने कार्ड उलटलं, शिक्का बघितला. "भाभी, ये क्या है?" मी काही बोलायच्या आत मागून नंदकिशोर पुढे आला. आमच्याच चाळीतला, एका वकिलाकडे टायपिस्ट. त्याने चष्मा सावरून मोठ्याने वाचलं, आणि कलमाचा अर्थही सांगितला, हातवाऱ्यांसकट. रांग हसली. बायकांनी पदर तोंडाला लावले. उचलली जीभ लावली टाळ्याला अशी माझी ख्याती, आणि नेमकी तिथे मी जीभ गिळली. रिकामी पिशवी घेऊन घरी आले. नंदकिशोरपेक्षा मला माझाच राग जास्त येतो.

धोंडू त्या दिवशी तांडवच करायला लागला. "आमका काय करूचा हा त्या बाळाचा? उद्या पोरीक स्थळ कोण आणतलो?" पोरगी आमची जया, तेव्हा नववीत. भावजी म्हणाले, "मी जामीन मागे घेतला तर तो परत आत जाईल रे." धोंडू म्हणाला, "जाऊ दे." आणि आठवड्याभरात त्याने रेशन ऑफिसात अर्ज टाकला. जुनं कार्ड पावसात भिजून गेलं, भाऊ कायमचा गावी गेला. नवं कोरं कार्ड आलं. प्रमुख धोंडू, खाली मी आणि जया. मी विचारलं तर म्हणतो, "शेवटी साखर तुलाच आणायचीय ना?" आणि मी साखर आणली.

पुढच्या मार्चमध्ये त्याच हवालदारांनी बाळाला कंपनीच्या गेटवरून पुन्हा उचललं. भावजी पाळी संपवून ग्रीसच्या हातांनी चौकीवर गेले. कुठल्या गुन्ह्याखाली पकडलंय ते कागदावर दाखवा म्हणाले. साहेब म्हणाला, "तुला रे का एवढा पुळका? तू पण त्यातलाच का?" भावजी म्हणाले, "हो." बाळा समोर होता, सुटल्यावर त्याने मला हे सांगितलं. त्या एका शब्दावर त्यांनी भावजींना आत टाकलं. तेच कलम.

कोर्टात न्यायचा दिवस उजाडला. धोंडू म्हणाला, "मी येणार नाही आणि कार्डही देणार नाही. माझा खोटा अर्ज बाहेर पडला तर माझी वाट लागेल." म्हटलं, "आणि त्यांची लागलीय ती?" तो म्हणाला, "त्याने ओढवून घेतली." कार्ड त्याने देव्हाऱ्यामागे लपवलं होतं. अठरा वर्षं त्या देव्हाऱ्याची धूळ मी पुसतेय. मी कार्ड काढलं, जामीनदाराची कमाई दाखवायला माझी कारखान्याच्या पॅकिंग खात्यातली पगाराची चिठ्ठी घेतली आणि निघाले. तो दारात आडवा उभा राहिला. म्हटलं, "सरका, नाहीतर चाळ गोळा करीन." तो सरकला.

कोर्टात पोलिसांनी रेशन ऑफिसचा कागद पुढे केला. आरोपीचा मुंबईत पत्ता नाही, इसम कायमचा गावी, सुटला तर पळेल. भावजी पिंजऱ्यात उभे. दाढी वाढलेली, डावा डोळा सुजलेला. त्या कागदाखाली सख्ख्या भावाची सही आहे, हे त्यांना तिथे कळलं. त्यांनी खाली बघितलं. मला तेव्हा धोंडूचा गळा धरावासा वाटला, खरं सांगते.

युनियनच्या वकिलाने मला पुढे केलं. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "आरोपी तुमचे कोण?"

"दीर."

"ते गावी गेले असं तुमच्याच यजमानांनी लिहून दिलंय."

"खोटं लिहिलंय, साहेब. ते माझ्या घरी राहतात, माझ्या हातचं जेवतात. लाजेपायी लिहिलंय."

"खोटा अर्ज हा गुन्हा आहे. कळतंय ना तुम्ही काय बोलताय?"

"कळतंय. नवऱ्याला बोलावून विचारा. तोही कुठे पळत नाही."

जामीन झाला. कारकुनाने कोऱ्या कार्डाच्या मागे शिक्का मारला, तो अर्धवट उठला. मी म्हटलं, "शाई लावून पुन्हा मारा. आमच्या दुकानात वाचायला त्रास होतो." त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मारला.

धोंडूला रेशन ऑफिसात माफीचा अर्ज लिहावा लागला आणि भावजींचं नाव कार्डावर परत चढलं. दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही, घरात शांतता होती. केस अजून चालूच आहे. तारखेला भावजी आणि बाळा दोघेही डबा घेऊन जातात. दिल्लीची पत्रंही चालू आहेत, आता त्यांच्या सहीखाली माझी सही असते.

भावजींचं नाव परत चढल्यावर पहिल्याच शनिवारी मी रेशनला गेले. नंदकिशोर माझ्यामागेच होता. माझा नंबर आल्यावर मी कार्ड पालथं ठेवलं आणि त्याला म्हटलं, "वाच."

तो शेठकडे बघायला लागला.

"गेल्या वेळी न सांगता वाचलंस. आता सांगतेय तर वाच."

"चष्मा विसरलोय, वहिनी," तो म्हणाला. चष्मा त्याच्या नाकावर होता.

मग मीच वाचलं. केस नंबर, कलम, जामीनदार म्हणून माझं पूर्ण नाव, सावकाश, रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. कोणी हसलं नाही. मग शेठला म्हटलं, "आता चार माणसांची साखर द्या."