मोटरशेजारची काठी

त्या केबलचोरीचा तपास आठवला की आजही मी खुर्चीत सरसावून बसतो.

कर्जतजवळच्या एका फार्महाऊसच्या मालकाची फिर्याद होती. विजेच्या मीटरपासून नदीकाठच्या पंपापर्यंत अडीचशे मीटर जमिनीत गाडलेली तांब्याची केबल चोरीला गेली. ती टाकणाऱ्या ठेकेदाराच्या जबाबानुसार ती दहाची, म्हणजे दहा चौरस मिलिमीटरची. मीटर आणि पंपाजवळच्या दोन्ही पेट्यांत जाड केबलची कापलेली टोकं शिल्लक होती. पंचनाम्यात तीच नोंदली. संशय राखणदारावर. मालकाने त्याला संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला सांगितलं होतं.

त्याची बायको आमच्या हवालदाराला म्हणाली, "दादा, ह्यो उंदीर दिसला तरी मला हाक मारतो. ह्यो केबल उपटतोय व्हय?"

इतक्यात खबऱ्याचा फोन आला : कुंभिवलीच्या भंगारवाल्याकडे मातीने माखलेली केबल पडली आहे. हवालदार बघून आला. "साहेब, ती बारीक हाय, अडीचची. आपली नाय."

मी राखणदाराला पंपाजवळ नेऊन विचारपूस सुरू केली. मोटरशेजारी हाताने गुळगुळीत झालेली एक काठी होती.

"ही कशाला रे?"

"मोटर नुसती घूं करते, साहेब. काठीनं पंख्याला धक्का दिला की मंग फिरते. बसवली तवापासून असंच हाय."

आमच्याकडे बऱ्याच पंपांवर अशी काठी असते. विजेचा दाब कमी आहे म्हणायचं आणि धक्का द्यायचा. तक्रार कोणी करत नाही.

"फिरायला लागल्यावर पेटीवरचे काटे कुठं असायचे?"

"अँपिअरचा धावर. व्होल्टचा दोनशेच्या जरा खाली."

"आणि मीटरजवळ, तुझ्या खोलीतले दिवे?"

"ते झ्याक."

मीटरवर दोनशे तीस व्होल्ट होते. म्हणजे दाब वाटेत पडत होता. घरच्या बोअरला वायर निवडताना मी हाच हिशेब केला होता. जाऊन-येऊन पाचशे मीटर तांबं, दहा अँपिअर. दहाची केबल असेल तर नऊ व्होल्ट पडतात. पंपावर दोनशे एकवीस हवेत. मग अडीचची धरली. तांबं पाव, घट चौपट : छत्तीस. उरले एकशे चौऱ्याण्णव.

मी हिशेबाचा कागद घडी करून खिशात घातला. "हवालदार, जीप काढा. भंगारातली केबल आपलीच आहे."

कुंभिवलीत तो गुंडाळा उलगडला. दोन्ही टोकांना, काळ्या पट्टीखाली, जाड केबलचे वीतभर तुकडे जोडलेले होते. पेट्यांतल्या टोकांशी त्यांचे काप तंतोतंत जुळले. भंगारवाल्याने विकणाऱ्याचं नाव सांगितलं : ठेकेदार.

ठाण्यात तो आधी हसला. "साहेब, तुम्ही पोलीस का वायरमन?"

मी हिशेबाचा कागद पुढे सरकवला. त्याने तो वाचला आणि पाणी मागितलं. दिसतं तिथे जाड आणि मातीखाली बारीक, असं त्याचं काम होतं. पंप जोर धरत नाही म्हणून मालकाने दुसरा वायरमन बोलावला, तेव्हा घाबरून ठेकेदारानेच केबल उपटली आणि राखणदाराकडे बोट दाखवलं.

राखणदाराचं सामान अंगणात आलं होतं. मालकाने स्वतः पहिली ट्रंक उचलून आत नेली.

तेव्हापासून मी साक्षीदाराला "काय पाहिलंस" याबरोबर "रोज काय करावं लागतं" हेही विचारू लागलो. माणूस ज्या त्रासाला सरावतो, तो आपणहून सांगत नाही.

खरी दहाची केबल पडली आणि मोटर एका बटणावर फिरली. राखणदार काठी फेकायला निघाला, तर बायकोने ती काढून घेतली. "ऱ्हाऊ दे. मोटर सुधारली, तू अजून नाय."