लिओटाबाईंच्या गाडीची रेस

सोमर्टन या वाळवंटातल्या गावात कुणाची जुनी गाडी रुसली, की लोक ओफेलिया आर्विझूच्या शेडकडे वळतात. चौतीस वर्षं तिने शाळेच्या पिवळ्या बस दुरुस्त केल्या. निवृत्त झाली, आठवडाभर घरात चुळबुळली, आणि मग मागच्या अंगणात पत्रे ठोकून पुन्हा तेलात हात घालून बसली. बसच्या इंजिनांनी तिचा डावा कान केव्हाच निकामी केला होता. त्यामुळे ती उजवा कान इंजिनाकडे वळवायची, तळहात त्याच्यावर टेकवायची आणि डोळे मिटायची. कुणी मध्येच बोललं, तर त्याची खैर नसायची.

तिला नोकरीवर घेतलं होतं लिओटा स्ट्रिंगफेलो यांनी. लिओटाबाई तेव्हा बस डेपोच्या प्रमुख होत्या. कोबीच्या मळ्यात राबणाऱ्या माणसाची ही बावीस वर्षांची पोर पाना घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा डेपोतला एकजण हसून म्हणाला होता, "बाई, ही पोरगी नखं रंगवणार की गिअरबॉक्स उतरवणार?"

"दोन्ही करेल," बाई म्हणाल्या होत्या. "तुला त्यातलं एक तरी येतं का?"

त्या बाईंचा सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी फोन आला. वय एकोणनव्वद, पण आवाज अजून डेपोतलाच.

"ओफेलिया, शुक्रवारी शाळेची मिरवणूक आहे. यंदाची मानकरी मी आहे."

"काय सांगता, बाई! अभिनंदन!"

"अभिनंदन राहू दे. आमच्या ड्वाइटने माझ्यासाठी उघडी गाडी ठरवलीय. डॉक्टर म्हणतात, उन्हात पाच मिनिटंसुद्धा नको. मी काय मक्याचं कणीस आहे, भाजून काढायला? मी माझ्या गाडीतून जाणार. काचा वर, एसी चालू. आणि गाडी तू चालवणार."

फोन बंद. होय-नाही म्हणायची सोयच नव्हती.

बाईंची गाडी म्हणजे अडुसष्ट सालची फिकट हिरवी, लांबलचक, आठ सिलिंडरची. बाईंनी ती नवी कोरी घेतली होती. दुपारी त्यांचा भाचा ड्वाइट ती घेऊन आला, तो घामाने निथळतच. वय पंचावन्न, पण आत्याचं नाव निघालं की चेहरा शाळकरी पोरासारखा व्हायचा.

"ओफेलिया, हिचं काही खरं नाही. एसी लावून सिग्नलला थांबलं, की इंजिन बंद. एका ठिकाणी दाखवली, तर त्यांनी स्क्रू पिळून रेस, म्हणजे इंजिनाचा जागेवर फिरायचा वेग, वाढवून दिली. आता एसी लावला तर चालते, पण बंद केला की उधळते! दोन्ही पाय ब्रेकवर ठेवावे लागतात. परवा चर्चच्या दारात पाद्रीबाबा थोडक्यात वाचले. वर किल्ली काढून घेतली तरी इंजिन खोकत राहतं."

"मिरवणुकीत पुढे कोण असणार?"

"शाळेचा बँड. साठ पोरं."

ओफेलियाने बोनेट उघडलं. समोर बँड, मागे फुलांच्या गाड्या, आणि मध्ये माणसाच्या चालीने सरकणारी ही उधळी घोडी! पण खरं सांगायचं तर तिचे हात शिवशिवले. असं काम बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

आधी तिने पिळलेला स्क्रू सैल केला. एक रबरी नळी चिरली होती, ती बदलली. मग चाकांना ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, ड्वाइटला ब्रेकवर बसवलं आणि गाडी गिअरमध्ये घ्यायला लावली. एसी बंद ठेवून रेस अशी बसवली, की इंजिन मांजरासारखं घुरघुरायला लागलं.

"आता एसी लाव."

एसीचा कॉम्प्रेसर टक्कन जोडला गेला. इंजिनावर ओझं पडलं, ते दबलं, थरथरलं आणि गप्प झालं.

"बघितलंस?" ड्वाइट म्हणाला.

ओफेलियाचा टॉर्च कार्ब्युरेटरच्या बाजूला एका लहानशा लोखंडी पट्टीवर थांबला होता. पट्टीला भोक होतं, आणि भोकात काहीच नव्हतं. खाली एक हिरवी वायर, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली.

"ड्वाइट! चोरी झालीय!"

"कधी?"

"वीस-तीस वर्षांपूर्वी! इथे एक डबी असते. एसी लावला की तिला वीज मिळते, तिच्यातून दांडी पुढे येते आणि रेस जराशी वाढवून धरते. एसी बंद, की दांडी आत, रेस खाली. दोन वेगळ्या रेस! कुणीतरी ती डबी काढून टाकली, आणि त्यानंतर प्रत्येकजण एकाच स्क्रूने दोन्ही कामं करायला बघतोय!"

बुधवारी पहाटेच तिने वेल्टनजवळचा जुन्या गाड्यांचा भंगारखाना गाठला. मालक लासारोने हात लांब करून दाखवलं. तशाच तीन गाड्या वाळूत रुतून बसल्या होत्या. पहिलीत डबी नव्हती. दुसरीतली उन्हाने तडकलेली. तिसरीचं बोनेट उघडेना. ओफेलियाने पहार घातली, बोनेट करकरत उठलं आणि आतून गांधीलमाश्यांचा लोंढा बाहेर आला. ती आणि लासारो, दोघं साठीच्या पुढचे, तारेच्या कुंपणापर्यंत धावत सुटले. परत आली तेव्हा मनगटावर दोन डंख होते, पण डबी शाबूत होती. बॅटरी लावल्याबरोबर दांडी टक्कन बाहेर. ओफेलियाने लासारोला मिठीच मारली.

"अगं, मला माशी चावलीय, लग्न नाही ठरलं माझं!" तो ओरडला.

गुरुवारी लिओटाबाई स्वतः हजर झाल्या. शेडच्या सावलीत पंख्यासमोर खुर्ची टाकून, हातात खजुराचं मिल्कशेक घेऊन बसल्या. ओफेलियाने डबी बसवली, हिरवी वायर जोडली. इंजिन चालू, गिअर टाकला, एसी लावला. इंजिन दबलं, थरथरलं, बंद.

पुन्हा केलं. पुन्हा बंद.

"डबीच मेलेली दिसते," ड्वाइट पुटपुटला.

"गप्प बैस," बाई म्हणाल्या. "ती विचार करतेय."

ओफेलियाचे कान तापले होते. बॅटरीवर चालते, मग इथे का नाही? इंजिन बंदच ठेवून तिने किल्ली फिरवली, एसीचं बटण दाबलं आणि डबीवर बोट ठेवलं. डबी बारीक थरथरत होती, म्हणजे वीज येत होती. पण दांडी रेसच्या दांड्याला टेकून अडली होती. तिने तो दांडा बोटाने केसभर मागे ओढला.

टक्! दांडी पुढे आली. बोट काढलं, तरी जागची हलली नाही.

"अगं बाई!" ओफेलिया किंचाळली. "हिच्यात ढकलायचा जोर नाही, धरून ठेवायचा आहे! ड्वाइट, एसी लावलास की लगेच रेसवर एकदा हलकेच पाय मार. एकदाच!"

इंजिन चालू. गिअर. एसी. पायाची टिचकी. इंजिन किंचित वर उठलं, खाली आलं आणि मध्येच स्थिरावलं. ओफेलियाने दांडीची लांबी अर्धा आटा कमी केली, तळहात टेकवला, डोळे मिटले. पाव आटा वाढवली. बस्स! एसी बंद केला, दांडी आत, रेस खाली. किल्ली काढली, तर खोकल्याचं नाव नाही. त्यांनी हे बारा वेळा केलं. बाराव्या वेळी ड्वाइट पोरासारखा हॉर्न वाजवत सुटला, आणि बाईंनी मिल्कशेक उंच धरून आरोळी ठोकली.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला पारा एकशे सहा फॅरनहाइटवर होता. ओफेलिया स्टिअरिंगवर, शेजारी बाई, निळा पोशाख, खांद्यावरून मानाचा पट्टा, केसांवर गार वारा. बँड ढोल बडवत निघाला. गाडी माणसाच्या चालीने मागोमाग सरकली. नगरपालिकेसमोर सगळी मिरवणूक थबकली, कारण बँडने पूर्ण गाणं वाजवायला घेतलं. एक मिनिट गेलं. तीन गेली. ओफेलियाचा उजवा कान टवकारलेला, नजर तापमानाच्या काट्यावर. काटा थोडा चढला आणि थांबला. इंजिन ढोलाखालून एकसारखं धडधडत होतं.

"काय म्हणते ती?" बाईंनी विचारलं.

"म्हणते, वाजवा अजून!"

दोन्ही फुटपाथवरून लोक बाईंच्या नावाने ओरडत होते. पोक्त माणसं, कधीकाळी बाईंच्या बसमधून शाळेत गेलेली, काचेवर तळवे टेकवत होती. बाई आतून त्याच जागी आपला तळवा लावत होत्या. ओफेलियाचे डोळे भरून आले. पण पुसायला हात कुठला मोकळा!

मैदानावर मिरवणूक संपली. ड्वाइट धावत आला, बाईंचं दार उघडायला लागला.

"लाव ते," बाई म्हणाल्या. "गारवा चाललाय बाहेर."

"आत्या, संपली मिरवणूक!"

"तुझी संपली असेल. ओफेलिया, नदीच्या रस्त्याने घे. तिथे कुणी पुढे नसतं."

ओफेलियाने गाडी वळवली. लिंबांच्या बागा दोन्ही बाजूंनी मागे पळू लागल्या, आणि बाईंनी डॅशबोर्डवर थाप मारून म्हटलं, "आता जरा जोरात, पोरी!"