शिवणीतली माया

शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. अंग वाढलं की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला बसतो. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल खोटं बोलणं सोपं असतं. हे मला कुणी शिकवलं नाही, मी करून पाहिलं आहे.

धुळ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी कित्येक वर्षं बायकापोरींचे कपडे शिवते. जीभ तिखट पण हात साफ, असा माझा लौकिक. मशीनच्या वर भिंतीला क्रूस आणि शेजारच्या फळीवर उपासनेतल्या गाण्यांचं पुस्तक. आमच्या चर्चच्या महिला संघात एकदा मला श्रद्धेची साक्ष द्यायला उभं केलं, तेव्हा मी या मायेवरच बोलले. म्हटलं, ख्रिस्ती बाईने हातातलं काम असं करावं की गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या जागीही माया असावी, कारण ती जागा प्रभूला दिसते. बायका गहिवरल्या. पाळकीणबाईंनी माझा हात हातात घेतला. मला माझं बोलणं इतकं आवडलं, की घरी येईपर्यंत मी ते मनात पुन्हा दोनदा बोलून पाहिलं.

त्याच वर्षी जूनमध्ये ती आली. पारोळ्याकडच्या खेड्यातून धुळ्यात राहायला आलेली, मार्केट यार्डात धान्य निवडायला जाणारी, अहिराणी बोलणारी बाई. सोबत आठवीत गेलेली पोर आणि पिशवीत शाळेच्या ड्रेसचं निळ्या चौकड्यांचं कापड.

‘माया ठेवा बरं, अक्का. पोर वाढाना अंगनी शे. दोन वरीस चालाले पायजे.’

‘ते मला सांगावं लागतं होय?’ मी म्हटलं.

कापायला बसले तेव्हा फळीवरच्या पुस्तकाकडे लक्ष गेलं. त्याची पाठ निसटत आली होती, कव्हर हवंच होतं, आणि ती चौकडी मोठी गोड होती. मी खडूची रेघ आत सरकवली. इतकी आत, की शिवणीपलीकडे जेमतेम दोरा धरेल एवढंच कापड राहिलं. बाजूला पुस्तकापुरता तुकडा निघाला. कापड उरलं, असं मी स्वतःला सांगितलं. ते उरलं नव्हतं, मी उरवलं होतं.

ड्रेस न्यायला आली तेव्हा तिने पुन्हा विचारलं, ‘माया शे ना, अक्का?’

‘भरपूर आहे,’ मी म्हणाले.

त्या रविवारी कव्हराचं सगळ्यांनी कौतुक केलं. मीही करून घेतलं.

वर्षभराने पोर नववीत गेली आणि दोघी ड्रेस घेऊन आल्या. पोर चांगलीच वाढली होती. मी विसरले होते, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ब्लेड हातात घेतानाच मला आत काय आहे ते ठाऊक होतं. फळीवरच्या पुस्तकावर मी आधी वर्तमानपत्र टाकलं, मग शिवण उसवली. आत काही नव्हतं. ती वाकून बघत होती. यार्डात दिवसभर डाळीतले खडे वेचणारी बाई ती, तिच्या नजरेतून काय सुटणार?

तिने उसवलेली कड बोटाने चाचपली. मग तीच म्हणाली, ‘मीच कापड कमी आनं व्हई.’

कापड कमी आणल्याचा दोष तिने स्वतःवर घेतला आणि मी ‘हं’ म्हटलं. एरवी गल्लीत कुणाचं ऐकून न घेणारी मी, मला तेवढंच बोलता आलं.

चौकडीचा तुकडा दोन हातांवर, वर्तमानपत्राखालच्या कव्हरात होता. तो काढला असता तर दोन्ही बगलांना नीट पुरला असता आणि मी उघडी पडले असते. म्हणून मी दुसऱ्याच साध्या निळ्या कापडाच्या पट्ट्या लावून दिल्या. रंग बराच गडद होता. ‘हात खाली असले की दिसत नाही,’ असं मी त्या पोरीला वर सांगितलं. मला माझ्या सगळ्या आयुष्यात या एका वाक्याची जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

ऑगस्टमध्ये भाजी घेऊन येताना शाळेच्या कुंपणापाशी थांबले. मैदानावर कवायतीची तयारी चालली होती. सर शिट्टी वाजवत होते आणि पोरींचे हात एकदम वर जात होते. ती दुसऱ्या रांगेत होती. तिचे हात कोपरापर्यंत उठायचे आणि कोपरं बरगड्यांना चिकटलेली. सरांनी तिला दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा रांगेतून बाहेर काढून भिंतीशी उभं केलं. ती हात खाली सोडून निमूट उभी राहिली, मी सांगितलं होतं तशी. मी आत जाऊन सरांना काही सांगितलं नाही. पुढच्या रविवारी पुस्तक पिशवीतच ठेवलं आणि सगळी गाणी पाठ आहेत असं भासवलं.

तिला खरं सांगायचं ठरवून मी वाक्य तयार करून ठेवलं: ताई, कापड कमी नव्हतं, मीच माया ठेवली नाही. इतकंच. ते घेऊन तिच्या घरी जाणं मात्र जमलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत पुढचा जून उजाडला आणि तीच दारात उभी राहिली. पोर दहावीत गेली होती. पिशवीत नवं चौकड्यांचं कापड होतं. ते उलगडलं तर दोन ड्रेस होतील एवढं.

‘आवंदा जास्तीनं आनं, अक्का.’

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती फळीवरच्या चौकडीच्या कव्हराकडे बघून, नेहमीच्याच आवाजात म्हणाली, ‘यामातून काही उरनं, त ते तुमना देवना पुस्तकले ठेवा.’

टोमणा होता की खरंच देत होती, मी तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. तिथे काहीच नव्हतं. तिने पोरीला मापासाठी पुढे केलं. माझं वाक्य तोंडातच राहिलं आणि सवयीने भलतंच बाहेर पडलं.

‘हात वर कर गं,’ मी म्हटलं.

पोरीने हात उचलले. कोपरापर्यंतच.