मावशीचे दोन कॅमेरे

“लहानवालाच देऊन टाकू तिले. मोठा काही झेपत नाही तिच्यानं, अन् ती काही तोंड उघडून सांगणार नाही...” मावसाजी पुढच्या खोलीत शेजारच्या काकांना सांगत होते आणि मी स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत होते. नळाच्या आवाजात मला ऐकू येणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. शोभामावशीला जाऊन तेव्हा महिना होत आला होता. जाण्याआधी तिने आपल्या दोन कॅमेऱ्यांचं सांगून ठेवलं होतं. एक मला, आणि दुसरा ती जिथे जीवशास्त्र शिकवायची त्या शाळेतल्या मुलांना. कोणता कोणाला, ते मात्र सांगितलं नव्हतं. “ते पोरगीच सांगेन. तिच्या तोंडून ऐकल्याबिगर देऊ नका,” एवढंच मावसाजींना बजावलं होतं. मोठाच मागायचा हे माझं मनातल्या मनात ठरलेलं होतं. ते बोलणं ऐकल्यावर तर हट्टानेच ठरलं.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. खामगावात तिचे जुने विद्यार्थी तिला नुसतं मॅडम म्हणायचे आणि बाकीचे कॅमेरावाल्या मॅडम. सुटी मिळाली की ती बोथ्याच्या जंगलात, नाहीतर एखाद्या तलावाच्या काठी पाखरांची वाट बघत बसलेली असायची. मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले तेव्हा पाहिलं, दर आठवड्याला कोणी ना कोणी सल्ला मागायला आलेलं असे. शेगावचे लॉजवाले, चिखलीचे डॉक्टर, नव्याने नोकरीला लागलेली मुलं... सगळ्यांचा प्रश्न एकच, कोणता कॅमेरा घेऊ? एकदा तिचा एक जुना विद्यार्थी आला. कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर झालेला, पण तिच्यासमोर खुर्चीच्या काठावर बसलेला. मोबाइलवर दोन कॅमेऱ्यांच्या तुलनेचा तक्ता उघडूनच आला होता.

“मॅडम, हा चोवीस मेगापिक्सेलचा अन् हा पंचेचाळीसचा. कोणता घेऊ?”

“काय काढून राह्यला तू?”

“अजून काहीच नाही.”

“मंग पत्रिका जुळवून राह्यला का बे? छत्तीस गुण जुळले तरी नांदावं लागते न बाबू!”

मग ती आत गेली आणि तुरीची डाळ घेऊन आली. तिची ही रीतच होती. ज्याला मोठा कॅमेरा आणि लांबची लेन्स घ्यायची असेल, त्याला ती तेवढ्याच वजनाची डाळ पिशवीत तोलून द्यायची, पिशवीला पट्टा बांधायची आणि सांगायची, रविवारी तलावावर ये, ही गळ्यात घालून. दुपारपर्यंत काढायची नाही. मॅनेजरसाहेब खरंच आले. सकाळी ऐटीत चालत होते. ऊन चढलं तसा एक हात मानेवर गेला, मग दुसरा. शेवटी झाडाखाली बसून म्हणाले, “मॅडम, डाळ शिजवून टाका हो घरी.” त्यांनी हलका कॅमेरा घेतला. पुढे ते मुलीच्या खो-खोच्या सामन्यांचे इतके सुंदर फोटो काढू लागले की मावशी ते फोनवर मोठे करून आम्हाला दाखवायची. “वाईट कॅमेरा आता कोणी बनवत नाही,” ती म्हणायची. “चुकीच्या माणसाच्या गळ्यात मात्र पडते.”

तिचा स्वतःचा मोठा कॅमेरा जुना, आत आरसा असलेला डीएसएलआर, वजनदार. त्याला लांब लेन्स लावली की माळावरच्या चंडोलाच्या डोळ्यातला प्रकाशाचा ठिपकासुद्धा दिसायचा. लहान कॅमेरा नंतर आला, बिनआरशाचा, म्हणजे मिररलेस, आवाज न करणारा, एकच लेन्स असलेला आणि झूम नसलेला. तो आणल्यावर एक सबंध उन्हाळा आम्ही दोघी त्या दोघांची तुलना करत होतो. अंगणातला तोच कडुनिंब, तीच सकाळ, मग तीच संध्याकाळ. अंधारू लागलं की कोणाच्या फोटोत दाणेदार ठिपके दिसतात, मेच्या उन्हात कोण जास्त तापतो, पानांचा हिरवा कोणाचा खरा... मी संगणकावर फोटो इतके मोठे करून बघायची की नुसते चौकोन उरायचे. मावशी मागून म्हणायची, “फोटो पाहून राह्यली का उवा काढून राह्यली?” पण बघायला मी त्याच उन्हाळ्यात शिकले. आज मी दुकानांच्या वस्तूंचे फोटो काढून चार पैसे मिळवते, ते त्या बघण्याच्या जोरावर.

त्याहून मोठी एक गोष्ट तिने मला दिली. घरात, नातेवाइकांत, माझ्या गप्प राहण्याची सगळ्यांना काळजी वाटायची. इंग्रजी शाळेत शिकली म्हणून शिष्ट आहे, असंही कोणी म्हणायचं. मी तर वाक्य मनात नीट जुळवत असायची आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा. मावशी मात्र तलावाच्या काठी मला शेजारी बसवून अभिमानाने सांगायची, “हिच्यासारखी सोबत नाही. पाखरू उडत नाही हिच्यानं.” माझ्या गप्प बसण्याचं कौतुक करणारी ती एकटीच होती. तिच्याजवळ तासन्‌तास काही न बोलता बसता यायचं, आणि घरी परतताना खूप गप्पा झाल्यासारखं वाटायचं.

म्हणूनच तिचं एक बोलणं मला लागलं होतं. साखरखेर्ड्याच्या बाजारात मी मोठ्या कॅमेऱ्याने दिवसभर फोटो काढले होते, रस्त्याच्या पलीकडून. मिरच्या निवडणारी बाई, चप्पल शिवून घेणारे आजोबा, भाजीच्या भावावरून हुज्जत घालणारी जोडी. मावशीने सगळे फोटो शांतपणे पाहिले. “तलावावरच्या फोटोंत पाखरं तुह्याकडे पाहून राह्यली. माणसं काऊन नाही पाहत?”

“लेन्स लांबची होती ना मावशी.”

“हाव. म्हणूनच तुले ते आवडते.”

तिच्या आजारपणातल्या शेवटच्या भेटीत पलंगावर पडल्यापडल्या तिने लहान कॅमेरा माझ्या हातात दिला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “याला झूम नाही.” तिने डोळे मिटले होते. “झूम तोंडात असते बाई. ‘या, बसा’ म्हटलं का माणूस जोळ येते.” मला ती थट्टा वाटली. मी कॅमेरा कपाटात ठेवला आणि तिचं पांघरूण सारखं केलं.

तर त्या दिवशी मी चहा घेऊन पुढच्या खोलीत गेले. दोन्ही कॅमेरे दिवाणावर मांडलेले होते. “हा लहान ठेव बाई तुले,” मावसाजी म्हणाले. “हलका हाय, पोरींसाठी बरा.” शेजारच्या काकांनी मान डोलावली. मी मोठा उचलला. त्याचं वजन ओळखीचं होतं, मुठीची जागा तिच्या हाताने गुळगुळीत झालेली. लांब लेन्ससकट कॅमेरा डोळ्याला लावला आणि समोर चहाची बशी धरून बसलेल्या मावसाजींकडे वळवला. लेन्स पुढे-मागे घुरघुरत राहिली. धुरकट पांढरं काहीतरी दिसत होतं, बस. इतक्या जवळचं त्या लेन्सला दिसतच नाही. त्यांना नीट पाहायचं तर मला दार ओलांडून, अंगण ओलांडून पार रस्त्यावर जावं लागलं असतं.

मी तो खाली ठेवला. लहान उचलला. त्यात मावसाजी पुरे मावले. वाढलेली दाढी, उलटसुलट लागलेली सदऱ्याची बटणं, आणि माझ्याकडेच लागलेले, उत्तराची वाट पाहणारे डोळे. बायकोने सांगितलेलं पाळायचं म्हणून ते थांबले होते. आपलं मत दिलं असलं तरी माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ते काही ठरवणार नव्हते. या वेळी मी वाक्य जुळवत बसले नाही.

“लहान घेते मावसाजी, मोठा शाळेला द्या. पण हलका आहे म्हणून नाही घेत... यातून तुम्ही दिसता.”